डॉलर कुणाच्या दराने?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

परदेशी पैसा ही एके काळी मोजक्या लोकांची बाब होती. निर्यातदार, जहाजावरचे खलाशी, आखातात नोकरीला गेलेले, एवढ्यांचाच त्याच्याशी संबंध यायचा. आता तसं राहिलेलं नाही. नाशिकची एखादी मुलगी घरी बसून जर्मन कंपनीसाठी चित्रं काढते. सोलापूरचा एखादा तरुण अमेरिकेतल्या दुकानाची वेबसाइट सांभाळतो. उलट दिशेनेही पैसा वाहतोच. मुलाच्या परीक्षेची फी, एखादं सॉफ्टवेअर, प्रवासातल्या हॉटेलचं भाडं आपण घरबसल्या डॉलरमध्ये, युरोमध्ये भरतो.

मी बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षं काम केलं. माझ्या टेबलासमोर बसून लोक एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारायचे, "साहेब, कमिशन तर फारसं दिसत नाही, मग पैसे एवढे कमी कसे आले?" त्याचं उत्तर असं, की कमिशन दरातच असतं. भाजीवाल्याने भाव कमी सांगायचा आणि काटा मारायचा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथला काटा कायदेशीर असतो आणि अटींच्या पानावर लिहिलेला असतो. आपण तो वाचत नाही.

आधी दर म्हणजे काय ते पाहू. सराफाकडे सोनं घ्यायला गेलात तर एक भाव, मोड घालायला गेलात तर दुसरा. चलनाचंही तसंच. बँक डॉलर विकते तो दर चढा, विकत घेते तो दर उतरता. या दोन्हींच्या मध्ये असतो तो बाजाराचा मधला दर. इंटरनेटवर शोधलं की साधारण हाच दर दिसतो. आपल्याकडे डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचे संदर्भ दर जुलै २०१८ पासून फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था जाहीर करते. त्याआधी ते काम रिझर्व्ह बँक स्वतः करत असे. सामान्य ग्राहकाला हा मधला दर जसाच्या तसा सहसा मिळत नाही. पण आपल्याला मिळालेला दर त्यापासून किती लांब आहे, हे मोजायची पट्टी म्हणून तो फार उपयोगी आहे.

आता मोजून पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर ८० रुपयांचा धरा. तुमचे ५०० डॉलर यायचे आहेत, म्हणजे ४०,००० रुपये. पेपालसारखी सेवा रूपांतर करताना मूळ दरात आपलं शुल्क मिसळून दर ठरवते. हे शुल्क साधारण तीन ते चार टक्के असतं. साडेतीन टक्के धरले तर तुम्हाला डॉलरमागे ७७ रुपये २० पैसे मिळतील. हातात पडले ३८,६०० रुपये. चौदाशे रुपये दरातच गेले. पैसे स्वीकारण्याचं शुल्क वेगळं, ते तर पावतीवर दिसतंच. एखाद्या दिवशी चौदाशे गेले तर माणूस खांदे उडवील. पण वर्षाचे तीनशे दिवस काम करणाऱ्याचे चार टक्के गेले, तर बारा दिवसांची कमाई गेली. बारा दिवस फुकट राबायला आपण कुणाला हो म्हणू का?

पहिली गोष्ट खर्चाची. परदेशी वेबसाइटवर कार्डाने पैसे भरताना पुष्कळदा प्रश्न येतो, "रुपयांत भरता की युरोत?" रुपया ओळखीचा, म्हणून आपण रुपयावर बोट ठेवतो. नेमकं तिथेच नुकसान होतं. रुपये निवडले की रूपांतर तो दुकानदार किंवा त्याची पेमेंट कंपनी आपल्या दराने करते. युरो निवडलेत तर रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होतं. हा दर घाऊक बाजाराच्या जवळचा असतो. त्यावर तुमची बँक आपला अधिभार लावते. तो बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के असतो आणि त्या अधिभारावर अठरा टक्के जीएसटी पडतो.

समजा हॉटेलचं भाडं २०० युरो आणि मधला दर ९० रुपये. मूळ रक्कम १८,००० रुपये. बँकेचा अधिभार साडेतीन टक्के म्हणजे ६३० रुपये, त्यावर जीएसटी ११३ रुपये ४० पैसे. एकूण १८,७४३ रुपये ४० पैसे. दोन टक्क्यांचं कार्ड असेल तर १८,४२४ रुपये ८० पैसे. आणि वेबसाइटने युरोमागे ९५ रुपये लावून "रुपयांत भरा" म्हटलं, तर १९,००० रुपये. वर काही बँका परदेशी दुकानाला रुपयांत दिलेल्या रकमेवरही अधिभार घेतात. म्हणजे रुपये निवडून दोन्हीकडून कात्री.

पेपालवर पैसे देतानाही ही निवड असते, पण ती चटकन डोळ्यांत भरत नाही. पैसे देण्याआधीच्या शेवटच्या पानावर रूपांतराचा दर दिलेला असतो आणि त्याच्याजवळ तो पर्याय बदलण्याची सोय असते. तिथे विक्रेत्याच्या चलनात बिल लावण्याचा पर्याय निवडायचा. मग रूपांतर पेपाल करत नाही, तुमची कार्डाची बँक करते. मात्र डोळे झाकून निवडू नका. तुमच्या कार्डाचा अधिभार किती, हे बँकेच्या शुल्कपत्रकात एकदा पाहून ठेवा आणि मगच तुलना करा.

दुहेरी रूपांतरही टाळा. विक्रेता लंडनचा, किंमत मुळात पौंडांत, पण बिल डॉलरमध्ये आलं, तर पौंडाचे डॉलर आणि डॉलरचे रुपये, असे दोनदा पैसे कापले जातात. परत येणाऱ्या रकमेचंही लक्षात ठेवा. माल परत केला तर पैसे बहुधा त्या दिवसाच्या दराने येतात. दिले तेवढेच परत मिळतील, असं धरू नका.

आता कमाईची बाजू. इथे मोकळीक थोडी कमी आहे. पेपालच्या भारतीय खात्यात आलेले परदेशी पैसे डॉलरमध्ये साठवून चांगल्या दराची वाट पाहता येत नाही. ते रुपयांत होऊन बँक खात्यात जातात. म्हणून विचार आधीच करायचा, बिल पाठवतानाच. रक्कम लहान असेल तर अशी सेवा सोयीची पडते. रक्कम मोठी असेल तर ग्राहकाला सरळ बँकेतून पैसे पाठवायला सांगा. त्यात वाटेतल्या बँका ठरावीक डॉलर कापतात. शंभर डॉलरवर ते टोचतं, तीन हजार डॉलरवर जाणवत नाही. टक्क्याने कापणारा आणि ठरावीक रक्कम कापणारा, यांतला कोण कधी परवडतो, हा चौथीतला गुणाकार आहे. तो कागदावर करा.

बँकेने रूपांतर केलं की जीएसटी लागतो, तोही किमान ४५ रुपये. त्यामुळे महिन्यातून चार वेळा थोडे थोडे मागवण्यापेक्षा एकदाच मागवलेले बरे. नियमित कमाई असेल तर बँकेत परकीय चलनाचं ईईएफसी खातं उघडता येतं. त्यात व्याज मिळत नाही आणि रक्कम ठरावीक मुदतीत रुपयांत करावी लागते, पण बँकेशी दराबद्दल बोलायला थोडी उसंत मिळते. होय, दराबद्दल बोलता येतं. मोठ्या रकमेला फलकावरच्या दरापेक्षा बरा दर मागणारे ग्राहक मी पाहिले आहेत, आणि त्यांना तो मिळालेलाही पाहिला आहे. ऑगस्ट २०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनची 'एफएक्स रिटेल' ही व्यवस्थाही आहे. बँकेमार्फत नाव नोंदवलं की तिथे बाजाराच्या दराने व्यवहार होतो आणि बँकेचं शुल्क वेगळं दिसतं.

हे शुल्क वेगळं दिसणंच महत्त्वाचं. युरोपीय संघाने एप्रिल २०२० पासून नियम लागू केला, की कार्डाच्या व्यवहारात रूपांतर करणाऱ्याने युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा आपण किती टक्के जास्त घेतो, ते ग्राहकाला आधीच दाखवावं. आकडा समोर आला की माणूस आपोआप शहाणा होतो.

आपल्यासमोर तो आकडा येत नसेल तर आपण काढायचा. "कमिशन किती?" हा प्रश्न सोडून द्या. "माझ्या हातात नेमके किती रुपये पडतील?" किंवा "माझ्या खात्यातून नेमके किती जातील?" एवढंच विचारा. त्या आकड्याला परकीय रकमेने भागा आणि त्या दिवसाच्या मधल्या दराशी ताडून पाहा. जो फरक दिसेल तीच त्या सेवेची खरी किंमत. ती पटली तर जरूर द्या, सोयीला मोल असतंच. पण ती माहीत असून द्या.