मोटारीला कॉशन ऑर्डर कोण देणार?

(मंडळाच्या जबलपूर येथील गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



या व्यासपीठावर आजवर ज्ञानेश्वरीवर व्याख्यानं झाली, मधुमेहावर झाली. मी पडलो डिप्लोमावाला इंजिनिअर. नोकरीची वीस-बावीस वर्षं रुळांच्या कडेनं पायी चालण्यात गेली. म्हणून मी आपला रस्त्यावरच बोलणार आहे. म्हणजे मोटारीतल्या त्या यंत्रावर, जे आपल्याला रस्ता दाखवतं आणि अधूनमधून अंगाची लाही लाही करतं.

रेल्वेच्या माणसानं हा विषय घ्यावा याची काहींना गंमत वाटेल. आमच्याकडे ड्रायव्हरला रस्ता निवडायचाच नसतो. स्टेशन मास्तर पॉइंट लावेल तिकडे गाडी जाणार. तरीसुद्धा नव्या सेक्शनवर लोको पायलटच्या हाती एकदम गाडी देत नाहीत. आधी रोड लर्निंग. त्या मार्गावरच्या जाणत्या माणसाबरोबर त्यानं फेऱ्या करायच्या, त्यातली एखादी रात्रीचीही. सिग्नल कुठे, चढ कुठे, फाटक कुठे, वळणामागे काय, हे डोळ्यांखालून घालायचं आणि मग ‘रस्ता समजला’ अशी सही करायची. तीन महिन्यांहून जास्त काळ तो त्या सेक्शनवर गेला नाही, तर पुन्हा शिकायचं. रूळ तेच, सिग्नल तेच, तरी पुन्हा!

आता आपलं पाहा. ज्या रस्त्यानं जन्मात गेलो नाही, त्या रस्त्यावर रात्री अकराला, पावसात, बायकापोरांसह आपण जातो. का? तर त्या बाईनं सांगितलं, “दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा.”

या बाईवर रागावण्याआधी ती रस्ता कसा निवडते ते समजून घेऊ. या गणिताचं मूळ १९५६ सालचं आहे. एड्सगर डाइक्स्ट्रा नावाचा डच तरुण ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत कॉफी पीत बसला होता. कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत, त्यानं एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची रीत मनातल्या मनात बसवली. ती १९५९ साली छापून आली. पहिल्या प्रात्यक्षिकासाठी त्यानं हॉलंडमधली ६४ शहरं घेतली होती. आजची यंत्रं पुष्कळ पुढे गेली, पण पाया तोच. रस्त्यांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला एक आकडा द्यायचा आणि ज्या मार्गाची बेरीज कमीत कमी, तो मार्ग दाखवायचा.

बेरजेत यंत्र चुकत नाही. अडचण त्या आकड्यात आहे. तो आकडा बहुधा मिनिटांचा असतो. हमरस्त्यावर शेकडो मोबाइल धावत असतात, त्यांच्या वेगावरून तो बऱ्यापैकी बरोबर निघतो. खेड्यातल्या आडरस्त्यावर मोबाइल कमी, म्हणून तिथे बराचसा अंदाज. त्या अंदाजात खड्डा नसतो, समोरून येणारी उसाची ट्रॉली नसते, रस्त्याच्या मधोमध बसलेली म्हैस तर नसतेच नसते.

गेल्या पावसाळ्यातली आमचीच गोष्ट सांगतो. नागपूरहून परत येत होतो. आपला नागपूर–जबलपूर रस्ता तुम्हां सर्वांच्या पायाखालचा आहे. खवासा, कुरई, सिवनी, लखनादौन, छान चौपदरी. सिवनी ओलांडल्यावर मुलानं लावलेल्या यंत्रानं एकाएकी फर्मावलं की डावीकडे वळा, नऊ मिनिटं वाचतील. अकरा किलोमीटर आत गेल्यावर समोर काय? आमचंच बांधकाम! रेल्वेखालचा कमी उंचीचा सबवे, ज्याला इकडे सगळे अंडरब्रिज म्हणतात, आणि त्यात काठोकाठ पाणी. बाई शांतपणे म्हणत होती, “सरळ जात रहा.” मी उतरून भिंतीवरचे पाण्याच्या पातळीचे पट्टे पाहिले. वरचा पट्टासुद्धा बुडाला होता. जवळच्या टपरीवर एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, “साहब, ये तो हर बरसात का है. यहाँ से कोई नहीं जाता.” नऊ मिनिटं वाचवायला निघालेलो आम्ही सव्वा तास उशिरा घरी पोचलो.

जे त्या आजोबांना ठाऊक होतं, ते २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांना ठाऊक नव्हतं. अर्थात त्यात उपग्रहांचा दोष नाही. जीपीएसचे उपग्रह आपण कुठे आहोत एवढंच काढू देतात, तेही मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरच्या फरकानं. पाच मीटर म्हणजे कधी हमरस्ता आणि सर्व्हिस रोड यांच्यामधलं अंतर! मदन महाल ते दमोह नाका हा आपला उड्डाणपूल २०२५ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला. अशा पुलाखालचा रस्ता आणि वरचा रस्ता नकाशावर एकाच जागी येतात. मग आपण वर हवेत असताना बाई खालच्या चौकात उजवीकडे वळायला सांगते.

आम्हा रुळांवरच्या लोकांना टॉलरन्स हा शब्द जेवणाइतका रोजचा. ब्रॉडगेज म्हणजे १६७६ मिलिमीटर, पण प्रत्यक्षात दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे चालतात, कारण मोजमापालाही मर्यादा असतात. पाच तासांच्या प्रवासात नऊ मिनिटांची बचत ही त्या टॉलरन्समध्येच जाते. एक ट्रक आडवा आला की ती संपली. यंत्र मात्र नऊ मिनिटं ही दगडावरची रेघ समजून आपल्याला हमरस्त्यावरून खाली उतरवतं. माझी खरी तक्रार ही आहे. जिथे चूक झाली तर मदत मिळेल असा रस्ता सोडायला लावायचा आणि जिथे विचारायला माणूस नाही अशा रस्त्यावर न्यायचं, आणि तेही नऊ मिनिटांसाठी!

असो. इथवर हसण्यासारखं होतं. पुढचं नाही.

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेल्या तिघांची मोटार रात्री अकोले तालुक्यात, नकाशानं दाखवलेल्या जवळच्या रस्त्यावर, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावरून पाण्यात गेली. एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे गेले. त्या पुलाचा पोचरस्ता आधीच्या पुरात वाहून गेला होता. नकाशात तो शाबूत होता, आणि प्रत्यक्ष पुलावर धड अडथळा नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये फरिदाबादला रेल्वेखालच्या तुंबलेल्या अंडरपासमध्ये मोटार अडकून दोघे बँक कर्मचारी बुडाले. तिथे नकाशाचा काही संबंध होता असं मी म्हणत नाही. पण ती बातमी वाचून माझ्यासारख्याला जेवण गेलं नाही.

२०१९ च्या जानेवारीअखेर ब्रॉडगेजवरची सगळी मानवरहित फाटकं आपण रेल्वेवाल्यांनी संपवली. याचा मला अभिमान आहे. तिथे माणसं मरत होती. त्यातल्या पुष्कळ जागी सबवे झाले. पण पावसाळ्यातला सबवे आणि नकाशावरची रेघ यांची गाठ कोण घालून देणार?

आमच्याकडे याला उत्तर आहे. रुळांचं काम चालू असेल आणि गाडी ताशी २० नं न्यायची असेल, तर लोको पायलटला लेखी कॉशन ऑर्डर मिळते: अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत, एवढा वेग. शिवाय त्या जागेच्या बऱ्याच आधी, माशाच्या शेपटीसारखा पिवळा फलक आम्ही उभा करतो. कागद आणि फलक, दोन्ही. कारण एक चुकला तर दुसरा असावा. मोटारवाल्याला कागद कोणी देत नाही. फलक असला तर असला.

यंत्रं सुधारत आहेत, हे मान्य करायला हवं. जुलै २०२४ मध्ये गूगलनं आपल्या देशातल्या काही शहरांत अरुंद गल्ल्या टाळण्याची आणि पुढे उड्डाणपूल आहे हे आधी सांगण्याची सोय जाहीर केली. अरुंद गल्ल्या टाळण्याची सोय मिळालेल्या आठ शहरांत आपल्या मध्य प्रदेशातली इंदूर आणि भोपाळ होती. आपला नंबर लागेपर्यंत, आणि लागल्यावरही, चार गोष्टी आपण पाळू.

पहिली, निघण्याआधी घरीच पूर्ण मार्ग नकाशावर पाहून घ्या. कोणती गावं लागणार हे बरोबरच्या एकाला तरी ठाऊक हवं. तेच आपलं रोड लर्निंग. दुसरी, लांबच्या प्रवासात हमरस्त्यावरचं मधलं गाव थांबा म्हणून घाला. बाई मग आडवाटेला सहसा जात नाही. तिसरी, वाचणारा वेळ दहा-पंधरा मिनिटांच्या आत असेल, तर अंधारात आणि पावसात हमरस्ता सोडू नका. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, समोर पाणी दिसलं की तिथे यंत्राचा अधिकार संपला. थांबायचं, उतरायचं, माणसाला विचारायचं. माणूस नसेल तर मागे फिरायचं. आणि बंद रस्ता दिसला तर त्याच यंत्रात तसं कळवा. मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी ती आपण दिलेली कॉशन ऑर्डर होईल.

परवा विसर्जन आहे. ग्वारीघाटाकडचे कोणते रस्ते बंद राहतील ते पोलिसांच्या सूचनेत येईल. बाईला कळेलच असं नाही. तेव्हा त्या दिवशी तरी चौकातल्या हवालदाराचं ऐका.

जाता जाता बाप्पाचीच आठवण. पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागली तेव्हा कार्तिकेय मोरावर बसून वेगानं निघाला. बाप्पानं आधी विचार केला की ही प्रदक्षिणा कशासाठी, आणि आईवडिलांभोवती फिरून पैज जिंकली. लवकर कसं पोचायचं ते यंत्र सांगेल. कशासाठी निघालो, बरोबर कोण आहे, आणि घरी कोण वाट पाहतंय, हा हिशेब स्टिअरिंग धरणाऱ्यानंच करायचा आहे.

 गणपती बाप्पा मोरया!