‘टायर फुटला’ म्हटल्यावर

मराठीत ‘फोडणे’ आणि ‘फुटणे’ ही जोडीची क्रियापदे आहेत. पहिल्यात करणारा माणूस वाक्यात हजर असतो. दुसऱ्यात वस्तूच कर्त्याच्या जागी जाऊन बसते आणि माणूस वाक्याबाहेर पडतो. अपघाताच्या बातमीत ‘टायर फुटून’ हे दोन शब्द आले की टायर कोणी बनवला, कोणी विकला, त्यात हवा कोणी भरली किंवा भरलीच नाही, हे विचारण्याची गरज कोणाला उरत नाही. ग्राहक, उत्पादक आणि विक्रेते यांच्या या परिषदेपुढचा विषय वाक्याबाहेर पडलेल्या या माणसांचाच आहे.

हा विषय शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत निघावा हे योग्यच आहे. इथे 2001 पासून स्कोडाच्या मोटारी तयार होत आल्या, शहराच्या पलीकडे वाळूजला गुडइयरचा टायर कारखाना आहे आणि जवळून 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो, ज्यावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरपर्यंतच्या वेगाची मुभा आहे. म्हणजे गाडी, टायर आणि टायरची खरी परीक्षा घेणारा रस्ता, तिन्ही एकाच जिल्ह्यात आहेत. 1 जुलै 2023 रोजी याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा टायर फुटल्याचे कारण चालकाने पुढे केले होते. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालाने मात्र, घटनास्थळी रबराचे तुकडे किंवा तशा खुणा नसल्याचे नोंदवून ते कारण नाकारले. टायर फुटलेला नसतानाही ‘टायर फुटला’ हे वाक्य किती सहज तोंडी येते, याचा याहून दुःखद दाखला शोधून सापडणार नाही.

टायर जेव्हा खरोखर फुटतो, तेव्हाही तो क्वचितच एका क्षणात फुटतो. टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. आत धाग्यांचा सांगाडा, त्यावर पोलादी तारांचे पट्टे आणि सर्वांत वर रस्त्याला भिडणारा नक्षीचा थर अशी त्याची बांधणी असते. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजूची भिंत जास्त वाकते, वाकण्याने उष्णता निर्माण होते, रबरातून ती लवकर बाहेर पडत नाही आणि थरांना धरून ठेवणारी चिकट जोडणी हळूहळू सैल होते. गावातल्या फेऱ्यांत हा दोष लपून राहतो. दोन तास एकाच वेगाने धावल्यावर पट्टा सुटतो. म्हणूनच मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ‘हवा थोडी कमीच ठेवा, गरमीने वाढते’ हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो उलटा आहे. कंपनीने सांगितलेला दाब थंड टायरचा असतो आणि धावताना तो वाढणार हे त्यात धरलेलेच असते. आधीच हवा काढणे म्हणजे ज्या उष्णतेची भीती वाटते तिलाच आमंत्रण देणे. गोटा झालेल्या टायरची गोष्ट वेगळी आहे. नक्षीच्या खाचा 1.6 मिलिमीटरहून उथळ झाल्या की मोटारीचा टायर नियमाने बाद ठरतो, आणि खाचेच्या तळाशी असलेला उंचवटा नक्षीच्या पातळीला आला की ते मोजपट्टीशिवायही दिसते.

इथपर्यंतची जबाबदारी वाहनधारकाची, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती स्पष्ट शब्दांत मांडली आहे. 2010 मध्ये पुणे-मुंबई प्रवासात झालेल्या एका अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीने टायर फुटणे ही देवाची करणी असल्याचा बचाव घेतला, न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी 2023 मध्ये तो फेटाळून टायर फुटण्यामागे मानवी हलगर्जी असल्याचे म्हटले. नारळातल्या पाण्याचे श्रेय देवाला खुशाल द्यावे, टायरातल्या हवेचे देता येत नाही.

पण हा निकाल उत्पादकांनी आपल्या सोयीने वाचू नये. ऑगस्ट 2000 मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने 65 लाख टायर परत बोलावले. नक्षीचा थर सुटून झालेल्या अपघातांतील 271 मृत्यूंचा संबंध तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने त्या टायरांशी जोडला. हे टायर बसवलेल्या आपल्या गाडीसाठी फोर्डने 26 पौंड दाब सुचवला होता, फायरस्टोन 30 सुचवत होती, आणि दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवत जवळजवळ शतकाचे नाते तोडले. ज्या ग्राहकाने दारावरची चिठ्ठी वाचून इमानाने 26 पौंड हवा भरली, त्याची चूक कोणती? काळजी घ्यावी असे ग्राहकाला सांगण्याचा अधिकार, खरी माहिती दिल्यावरच मिळतो.

भारतात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘उत्पादन दायित्व’ ही कल्पना आणली, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या हानीची भरपाई देण्याची बनवणाऱ्याची व विकणाऱ्याची जबाबदारी. वापराच्या पुरेशा सूचना न देणे हाही त्यात दोष आहे. मात्र जो धोका उघड किंवा सर्वांना ठाऊक आहे, त्याची सूचना दिली नाही म्हणून उत्पादक दोषी ठरत नाही, अशी सवलत त्याच कायद्यात आहे. टायर न वापरताही म्हातारा होतो, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे काय? टायरच्या भिंतीवरच्या ओळख-क्रमांकाचे शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षे डिकीत पडून राहिलेल्या स्टेपनीवरचे हे आकडे किती जणांना वाचता येतात, हे पाहिले तर त्या सवलतीचा आधार डळमळतो.

दुसरी फट अधिक रुंद आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली आणि सुटा भाग सदोष असेल तर तो बसवलेल्या गाड्याही तिच्या कक्षेत आल्या. परंतु पहिला संच झिजल्यावर नाक्यावरच्या दुकानातून घेतलेला टायर नेमका कोणत्या गाडीला लागला, हे कारखान्याला कळत नाही. गाडीच्या वॉरंटीतून टायर वगळण्याचा रिवाज असल्याने गाडीची कंपनी टायरवाल्याकडे बोट दाखवते आणि टायरवाला हवेकडे. अमेरिकेत विकलेल्या टायरच्या ओळख-क्रमांकाची ग्राहकाच्या नावाने नोंदणी करण्याची व्यवस्था आहे. इथे दुकानदाराने बिलावर मापाबरोबर तो क्रमांक लिहावा आणि कारखान्याला कळवावा, एवढीच या परिषदेची पहिली मागणी असावी. दुसरी अशी की अपघाताच्या पंचनाम्यात तोच क्रमांक उतरवला जावा आणि टायरचे तुकडे तपासणीपूर्वी भंगारात जाऊ नयेत. निर्मितीचे आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच भिंतीवर असतात. ती आतल्या अंगाला असली, तर पंचांना ते वाचण्यासाठी विजेरी घेऊन गाडीखाली वाकावे लागेल.