पाठांतर विरुद्ध समज : एक लटका वाद



४१०२१०. खारघरात राहणाऱ्या माणसाला हा पिनकोड आठवावा लागत नाही, फॉर्म भरताना हात आपोआप लिहून मोकळा होतो. बँकेचा ओटीपीही सहाच आकड्यांचा असतो. पण मोबाइलवर वाचून तो संगणकावर टाकेपर्यंत आपण पुटपुटत राहतो, आणि तेवढ्यात कुणी हाक मारली की पुन्हा मेसेज उघडावा लागतो. आकडे दोन्हीकडे सहाच, पण पिनकोड डोक्यात एक वस्तू म्हणून बसला आहे आणि ओटीपी सहा सुट्या वस्तू म्हणून. मुले का शिकतात, का अडतात आणि का विसरतात, याचे बरेचसे उत्तर या फरकात आहे.

एका वेळी मनात किती गोष्टी धरता येतात? जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली सातच्या आसपास असे सांगितले. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि आकडा चारवर आणला. या तात्पुरत्या जागेला वर्किंग मेमरी म्हणतात. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी ती असते : फडताळात कितीही डबे असोत, चिरायला, मळायला जागा तेवढीच. मुलाचा ओटा तर मोठ्या माणसाहूनही लहान असतो.

ही जागा आणि कायमची साठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णामुळे कळले. अपस्माराच्या उपचारासाठी १९५३ साली त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस या, आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा मोठा हिस्सा काढण्यात आला. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. स्वतःशी घोकत, आकड्यांची काही जुळणी करत त्यांनी तो पंधरा मिनिटे धरून ठेवला. मग विषय बदलला आणि मिनिटाभरात आकडाच काय, असा काही आकडा सांगितला होता हेही पुसले गेले. धरून ठेवणे शाबूत होते, साठवणे संपले होते.

आता आपल्याकडचे उदाहरण घेतो. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बासष्टला ‘साठ दोन’ म्हणण्याची पद्धत आली आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. विधानसभेतही विषय गाजला. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ होत्या. त्या शांतपणे सांगत राहिल्या की जोडाक्षरांची आणि उलट क्रमाची ही नावे मुलांना जड जातात. त्यांची जी टिंगल झाली तिचे मला आजही वाईट वाटते, कारण प्रश्न अगदी खरा होता.

सहा-सात वर्षांचे मूल ‘बासष्ट’ ऐकते तेव्हा काय होते, ते जवळून पाहा. कानावर आधी दोन पडतात, मग साठ. कागदावर मात्र आधी सहा लिहायचे आणि मग दोन. म्हणजे दोन मनात धरायचे, साठची वाट पाहायची, त्यातून सहा काढून लिहायचे आणि मग धरलेले दोन शोधायचे. यातले एक काही निसटले की वहीत २६ उमटतात. ‘एकोणसाठ’ तर आणखी अवघड, कारण ऐकू येतात साठ आणि लिहायचे असतात पन्नास. एकोणनव्वदपर्यंत ही रीत अंगवळणी पडते न पडते तोच नव्व्याण्णव येऊन ती मोडते. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. जर्मन बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलांच्या अंकलेखनातल्या निम्म्याच्या आसपास चुका या उलटापालटीच्याच निघाल्या आहेत. मूल ढ नसते. त्याचा ओटा भरलेला असतो.

विरोध करणाऱ्यांना हे का दिसले नाही? कारण त्यांच्या डोक्यात बासष्ट ही आता एकच वस्तू आहे, पिनकोडसारखी. पाठ झालेल्या गोष्टीचे ओझे पाठ झालेल्याला जाणवत नाही. माझे मत असे की मुलाला आकड्याची रचना दाखवताना ‘साठ दोन’ जरूर म्हणावे, आणि मग ‘बासष्ट’ इतके पक्के करावे की त्याचा विचारच करावा लागू नये. पहिले केल्याने समज येते, दुसरे केल्याने समजेला जागा मिळते.

हे पक्के होणे मेंदूत घडताना दिसते. स्टॅनफर्डमध्ये विनोद मेनन यांच्या गटाने सात ते नऊ वर्षांच्या मुलांचे बेरजा करतानाचे मेंदूचे स्कॅन साधारण वर्षाच्या अंतराने दोनदा घेतले. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. बोटांवर मोजणारी मुले वर्षभरात थेट उत्तर आठवू लागली होती. तसे कपाळामागच्या भागाचे काम कमी झाले आणि हिप्पोकॅम्पसचे वाढले. मोठ्यांच्या मेंदूत अशा बेरजांसाठी हिप्पोकॅम्पसवरही एवढा भार पडत नाही. साधी बेरीज तोवर मेंदूच्या बाह्यस्तरात मुरलेली असते.

मग पक्के करायचे कसे? इथे आपण सगळे फसतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मी पालकांना हमखास सांगतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पारडे फिरले : वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, आठवून पाहणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील, असा भरवसा वाचणाऱ्या गटालाच अधिक होता. पान ओळखीचे वाटले की येते असे वाटते. ओळखणे आणि आठवणे यांतला फरक न कळल्याने मुलांची वर्षे वाया जातात.

आपल्या जुन्या शाळांना हे प्रयोगाशिवाय माहीत होते. साधे पाढे आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे एका सुरात म्हणून झाले की गुरुजी अचानक एकाला उभे करत : ‘‘सतरा नव्वे?’’ सुरावर वाहत जाणारे पाठांतर तिथे थांबे आणि खरे आठवणे सुरू होई. घोकंपट्टीला आपण शिव्या दिल्या त्यातल्या अर्ध्या रास्त होत्या. अर्थ न सांगता, छडी दाखवून घोकून घेणे वाईटच. पण तिच्याबरोबर ते मधूनच विचारणेही आपण टाकून दिले, हे फार मोठे नुकसान आहे.

पक्के करण्यातली दुसरी गोष्ट उजळणींमधल्या अंतराची. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल मिळाले ते समुद्री गोगलगाईवरच्या कामासाठी. तिच्या मज्जापेशींना सिरोटोनिन हे रसायन एकदाच दिले तर परिणाम काही मिनिटे टिकतो. थोड्या थोड्या अंतराने पाच वेळा दिले तर पेशीत नवी प्रथिने तयार होतात आणि परिणाम दिवसाहून अधिक टिकतो. पुढे पेशींमध्ये नवे सांधेही फुटतात. या बांधकामाला वेळ लागतो. झोपेतही मेंदूचे काम चालू असते : उंदीर जागेपणी ज्या वाटेने फिरतात, त्या वाटेशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसच्या पेशी झोपेत पुन्हा एकत्र चेततात, असे विल्सन आणि मॅकनॉटन या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले.

आपल्या खारघरच्या उत्सव चौकातून आत शिरलात की क्लासचे फलक लागतात. शाळा, मग क्लास, मग क्लासचा गृहपाठ असे करून रात्री उशिरा झोपणारी मुले याच सेक्टरांमध्ये आहेत. मला त्या मुलांची काळजी वाटते. आणखी एक तास शिकवून झोपेतला एक तास काढून घेतला, तर शिकवलेलेच निसटते. पालकांना माझी विनंती छोटी आहे. ‘‘अभ्यास झाला का?’’ असे विचारू नका. पुस्तक मिटवा आणि ‘‘गेल्या आठवड्यात विज्ञानात काय झाले, सांग बघू,’’ म्हणा. मूल अडखळेल. अडखळू द्या, लगेच उत्तर पुरवू नका. थोड्या वेळाने पान उघडून एकत्र पाहा, आणि चार दिवसांनी तेच पुन्हा विचारा. इथे बसलेल्या शिक्षकांनी वर्गात दर आठवड्याला मागच्या महिन्याच्या धड्यावर पाचच प्रश्न घ्यावेत, आणि त्यांचे गुण कुठेही लिहू नयेत.