बोट लागते तेव्हा

नोव्हेंबरात आमच्या बचत गटाच्या अकरा जणी अंदमानला गेलो होतो. सेल्युलर जेल बघून झाल्यावर पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकची, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपची बोट धरली. दोनेक तासांचा प्रवास.

पोट रिकामं असलं की उलटी होत नाही, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. चहासुद्धा घेऊ दिला नाही. चूक माझीच. बंदर मागे पडलं, लाटा उठल्या आणि अर्ध्या तासात सहा जणींनी माना टाकल्या. उपाशीपोटी कोरडे उमासे जास्त छळतात. एक काकू लाजेनं पिशवीच मागेनात. त्यांचे हात गार पडले तेव्हा मी घाबरले.

बोटीवरच्या मुलानं त्यांना पुढून उठवून मधल्या खुर्चीवर बसवलं आणि खिडकीतून लांब, आभाळ टेकतं तिथं बघायला लावलं. घोट घोट पाणी दिलं. घाटात एसटी लागते ना, तसंच हे. कान सांगतो आपण हलतोय, डोळ्यांना समोरची खुर्ची स्थिर दिसते. म्हणून मोबाईलात मान घालायची नाही.

परतताना दोन-दोन इडल्या खाल्ल्या. डॉक्टरांना विचारून गोळीही घेतली, तीही बोट सुटायच्या तासभर आधी. उलट्या लागल्यावर गोळी पोटात ठरत नाही. ज्यांना दिवस गेलेत किंवा बीपीचं औषध चालू आहे, त्यांनी न विचारता घेऊच नये.

काकूंनी या वेळी बसल्याबसल्या पिशवी मागून घेतली. लागलीच नाही. घडी करून घरी आणली, म्हणाल्या, "घाटात लागेल."