उन्हाळा ओलांडणारी परसबाग



परस म्हणजे घरामागची ती जागा, जिथे मोरीचे सांडपाणी अळूला आणि केळीला मिळते, स्वयंपाकघरातील देठ आणि साली पुन्हा मातीत जातात आणि आमटीला लागणारा कढीपत्ता हाताशी असतो. शालेय पोषणासाठी भाजीपाला शाळेतच पिकवावा, अशा मार्गदर्शक सूचना केंद्राच्या तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २०१९ मध्ये दिल्या, तेव्हा महाराष्ट्रातील शाळांनी या उपक्रमासाठी परसबाग हाच शब्द स्वीकारला. आणि तो यथार्थ आहे, कारण काहीही वाया न घालवता वर्षानुवर्षे चालणारी व्यवस्था, म्हणजेच ज्याला आज शाश्वतता म्हटले जाते ती, या शब्दात पूर्वीपासूनच सामावलेली आहे.

या बागेकडून काय अपेक्षा ठेवावी, हे हिशेबानेच ठरवणे हिताचे आहे. प्राथमिक वर्गातील मुलाच्या शालेय आहारात ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिने आणि ५० ग्रॅम भाजी असावी असे प्रमाण ठरलेले आहे. त्यामुळे १२० मुलांच्या शाळेला दररोज ६ किलो भाजी लागते, आणि एवढा पुरवठा आवारातील चार-सहा वाफ्यांतून होऊ शकत नाही. बाजारातून येणाऱ्या भाजीला ही बाग पर्याय नव्हे. मात्र शेवग्याचा पाला, अंबाडी, चुका, पालक, कोथिंबीर आणि लिंबू यांच्या रूपाने ती आहारात ताजेपणा आणि वैविध्य आणते. शिवाय ताटात वाढलेली भाजी बाजूला सारणारे मूल, तीच भाजी त्याने स्वतः पेरून खुडली असेल, तर निदान चाखून पाहते.

येथेच अन्नाची बाग आणि इंद्रियांची बाग एक होतात. इंद्रियांची बाग म्हणजे पाहणे, ऐकणे, हुंगणे, स्पर्श करणे आणि चाखणे या पाचही मार्गांनी शिकता यावे, अशा बेताने लावलेली बाग. मारिया मॉन्टेसरी यांनी इंद्रियशिक्षणाला बालशिक्षणाचा पाया मानले, आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे ते विचार परिसरात सहज मिळणाऱ्या साधनांच्या आधारे आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेले. मराठवाड्यातील शाळेला अशी साधने बांधावरच मिळतात: स्पर्शासाठी लाजाळू आणि भोपळ्याचे खरखरीत पान, वासासाठी गवती चहा, पुदिना आणि पानओवा, चवीसाठी आंबट अंबाडी आणि कडू कारले, रंगासाठी झेंडू. कानासाठी ताग लावावा. त्याच्या वाळलेल्या शेंगा हलवल्या की आतील बिया खुळखुळतात, आणि फुलावर येण्याच्या सुमारास गाडलेला तागच हिरवळीचे खत होतो, कारण त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात. दृष्टिबाधित मुलाला वासावरून वाफा ओळखता यावा आणि चाकाच्या खुर्चीतील मुलाचा हात मातीपर्यंत पोहोचावा, म्हणून काही वाफे उंच बांधावेत आणि वाटा रुंद ठेवाव्यात. मात्र जिथे मुले पाने तोंडात घालणार आहेत, तिथे कण्हेर, धोतरा, रुई, एरंड आणि गुंज या विषारी वनस्पतींना जागा असता कामा नये.

छत्रपती संभाजीनगरात अशा बागेचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. मलिक अंबरने १७व्या शतकाच्या आरंभी उताराचा उपयोग करून जमिनीखालच्या नहरींनी या शहरात पाणी खेळवले, आणि पाणचक्की आजही त्या जलकौशल्याच्या परंपरेची साक्ष देते. आज शहर जायकवाडीच्या पाण्यावर अवलंबून आहे आणि वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांश चार महिन्यांत. शाळा भरलेली असते तोवर अडचण कमी असते, कारण १२० मुलांनी दिवसातून दोनदा अर्ध्या-अर्ध्या लिटरने हात धुतले तरी १२० लिटर पाणी मिळते, आणि ते खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून केळी, अळू व कर्दळीला देता येते. परंतु मे महिन्यात पारा ४० अंशांच्या आसपास असतो, नेमकी तेव्हाच शाळा बंद होते आणि हे पाणीही थांबते; म्हणूनच जानेवारीत हिरवीगार दिसणारी बाग जूनमध्ये अनेकदा काटक्यांच्या रूपात उरते.

या अडचणीवरचा उपाय खर्चिक नाही. पालेभाज्यांचे वाफे फेब्रुवारीअखेर काढून पाल्यापाचोळ्याच्या आच्छादनाखाली विश्रांतीला ठेवावेत, आणि उन्हाळ्यात फक्त शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि दौलताबादच्या डोंगरांना परिचित असलेले सीताफळ अशी दहा झाडे सांभाळावीत. प्रत्येक झाडाच्या मुळाशी ५ लिटरचे भाजलेल्या मातीचे, झिलई नसलेले मडके गळ्यापर्यंत पुरून, झाकण ठेवून, आठवड्यातून दोनदा भरले, तर पाणी झिरपत राहून थेट मुळांना मिळते. या मडका सिंचनाला सहा आठवड्यांत ६०० लिटर पाणी लागते, आणि १०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळजवळ १,००० लिटर पाणी उतरते. म्हणजे परतीच्या पावसाच्या दोन सरी घट्ट झाकणाच्या टाकीत राखून ठेवल्या, तर पुढचा सगळा मे महिना निभावतो.

पाण्याइतकेच बियाणेही राखावे लागते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, तरी परसातील गावरान बियाणे जपण्याच्या कार्यासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. संकरित वाणाचे बी पुढच्या पिढीत तेच गुण देत नाही, गावरान वाणाचे बहुधा देते. म्हणून प्रत्येक वेलावरचे एक उत्तम फळ न तोडता बियांसाठी राखण्याचा नियम वर्गावर्गाने पाळण्यासारखा आहे. रोपांविषयी शंका असल्यास हिमायत बागेतील कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र याच शहरात आहे.

शाळेने सुट्टीपूर्वीच दहा झाडे दहा पालक-कुटुंबांकडे सोपवावीत, विद्यार्थ्यांनी बियांच्या बरण्यांवर आपल्या हाताने नावे लिहावीत आणि शिक्षकांनी टाकीची किल्ली कोणाकडे राहील हे आजच ठरवावे. जूनच्या मध्यात शाळेचे दार उघडेल तेव्हा शेवगा जिवंत आहे की नाही, यावरच परसबागेचा निकाल लागेल.