हरवलेली वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मला व्याख्यान येत नाही. पण दिवाळीपासून एक गोष्ट मनात सलते आहे. ती गीतरामायणातल्या पहिल्या गाण्याच्या आडोशाने सांगावी, म्हणून उभी राहिले.

१९५५ साली मी दहा वर्षांची होते. मंगळवार पेठेत आमच्या घरी रेडिओ नव्हता, तो समोरच्या काकूंकडे. १ एप्रिलला, रामनवमीच्या शुक्रवारी, सकाळी पावणेनऊला पुणे केंद्रावरून पहिले गीत लागले. खरखर पुष्कळ, पण काकूंचे माजघर बायकांनी भरलेले. पुढच्या आठवड्यापासून काकू रेडिओला हळदकुंकू लावून फूल वाहू लागल्या. आम्हा पोरींना त्याचे हसू येई! माझी आई ओल्या हातांनी दारातच उभी राही, कारण आत बसले तर चुलीवरचे करपेल. शुक्रवारचे गाणे शनिवारी आणि रविवारी सकाळी पुन्हा लागत असे. आईला लिहिता येत नव्हते. पण रविवारी दुपारी भांडी घासताना ती सगळे गाणे म्हणे, एकही कडवे न गाळता.

गदिमांनी लिहिले आणि बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, चाली लावल्या, हे आपण सर्वजणी जाणताच. बाबूजींचा जन्म आपल्या कोल्हापूरचा, १९१९ चा. त्यांचे पाळण्यातले नावही रामच. गदिमा माडगूळचे खरे, पण सिनेमात शिरले ते इथेच, मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्समध्ये. आणि त्यांच्या पत्नी विद्याताई माहेरच्या पाटणकर, याच गावच्या. तेव्हा गीतरामायणाचे निम्मे माहेर कोल्हापूर, असे मी म्हटले तर पुणेकरांनी रागावू नये.

आता त्या पहिल्या गाण्याची हकीकत. कुश आणि लव रामाची कथा प्रत्यक्ष रामासमोर गात आहेत, असे ते गीत. ध्वनिमुद्रणाचा दिवस उजाडला. वादक जमले, आणि गीताचा कागदच सापडेना. गदिमा म्हणाले, "मी तुमच्याकडे दिला." बाबूजी म्हणाले, "माझ्याकडे नाही." दोघेही आपल्या म्हणण्यावर ठाम. पुन्हा लिहून द्या म्हटले तर कवी रागाने बोलेनात. आकाशवाणीचे सीताकांत लाड, ज्यांच्या कल्पनेतून ही माला निघाली, त्यांनी मग गदिमांना चक्क एका खोलीत घातले. आत कागद, लेखणी सर्व ठेवले आणि बाहेरून कडी लावली. गाणे झाल्यावर दार उघडेल! पाव तासात गाणे झाले. कागद हरवला होता, गाणे त्यांच्यापाशीच होते. मग बाबूजींनी भूपाची ती चाल बांधली.

मला नवल वाटते ते त्या पाव तासापेक्षा पुढच्या वर्षाचे. त्या वर्षी अधिक मास आला, म्हणून बावन्न ठरलेली गीते छप्पन्न झाली. म्हणजे या भांडणानंतर दोघांनी मिळून आणखी पंचावन्न गीते केली, दर आठवड्याला एक. नभोवाणीवर गाणारे अनेक होते. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते. पुढे मात्र बाबूजी एकट्याने पेटी घेऊन गावोगाव सगळे रामायण गात राहिले, कितीतरी वर्षे.

आता आपले. गेल्या रामनवमीला आपण गल्लीतल्या राममंदिरात तेच पहिले गीत म्हणावयास बसलो आणि गाण्यांची वही मिळेना. पेटी वाजविणाऱ्या आपल्या वहिनींना मी सर्वांदेखत म्हणाले, "तुमच्यापाशी होती, तुम्हीच कुठेतरी टाकलीत." त्या म्हणाल्या, "मी तुमच्या हातात दिली होती." तिसऱ्या कडव्यानंतर आपण सगळ्या नुसत्या हूं हूं करीत होतो. वहिनींनी एकटीच्या पेटीवर ते शेवटास नेले, माझ्याकडे न पाहता. त्यानंतर मंगळवारच्या भजनाला त्या आल्या नाहीत.

दिवाळीत ट्रंक उपसली. त्या दिवशी नेसलेल्या रेशमी लुगड्याच्या घडीत वही होती. माझ्याच ट्रंकेत.

भगिनींनो, मी ती पुन्हा तशीच घडीत ठेवली. तीन महिने कोणाला बोलले नाही. रोज ठरवी, आज वहिनींकडे जाऊन सांगते, आणि त्यांच्या जिन्याशी जाऊन परत फिरे. या वयात एवढीशी चूक कबूल करावयाला लाज वाटावी, ह्याची दुसरी लाज. दोष सर्वांदेखत दिला होता, तेव्हा कबुलीही सर्वांदेखतच व्हावी, म्हणून चिटणीसबाईंना मागाहून होकार दिला.

वहिनी आज आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. वहिनी, वही मीच हरवली होती. चुकले माझे.

आणि आता पेटी पुढे घ्या. भाषणानंतर पहिले गीत म्हणावयाचे असे कार्यक्रमपत्रिकेत छापले आहे. वही मी मुद्दाम घरी ठेवून आले आहे. पंधरा दिवस पाठ करते आहे, आईसारखी भांडी घासताना. एखादे कडवे चुकले तर तुम्ही सावरून घ्या.