किराण्याची वही आणि कमरेचा घेर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरात दोन वह्या आहेत. एक माझी, कवितांची. ती कुणी उघडत नाही. दुसरी बायकोची, किराण्याची. ती मात्र घरातले सगळे उघडतात. पोरं तिच्यात हळूच आपलं फरसाण-बिस्कीट लिहून ठेवतात आणि महिनाअखेरीस दुकानदाराशी हुज्जत घालायला तीच वही कामी येते. यापूर्वी आकाशवाणीनं मला कविता वाचायला बोलावलं होतं. या वेळी सांगितलं, कमी खर्चात वजन कसं उतरवावं यावर बोला. म्हटलं चला, या विषयातला माझा अनुभव कवितेपेक्षा ताजा आहे.

मी सोलापूरचा. एका पतसंस्थेत कारकून. दिवसभर खुर्चीवर बसायचं, चार-पाच वेळा चहा घ्यायचा आणि रात्री उशिरा जेवून झोपायचं, असा माझा तीस वर्षांचा शिरस्ता. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी वजन केलं. ८४ किलो भरलं. माझी उंची साडेपाच फुटांच्या आतली. मग टेप लावून कंबर मोजली, ती ४० इंच. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या आत असावा, आणि बाईचा ८० सेंटीमीटरच्या आत, हे मला तेव्हा कळलं. रक्तातली साखर अगदी उंबरठ्यावर उभी होती. अजून आत आली नव्हती, पण चपला काढत होती म्हणा ना.

मला एक छापील कागद मिळाला. सकाळी ओट्स, दुपारी कोशिंबिरीवर ऑलिव्ह तेल, चार वाजता सफरचंद, सहा बदाम, ग्रीन टी, रात्री ब्राऊन ब्रेड आणि सूप. कागद वाईट नव्हता. ज्यानं लिहिला त्याच्या स्वयंपाकघरात तो बरोबरच असेल. पण मी हिशेबातला माणूस. बेरीज केली तर माझ्या एकट्याचे महिन्याला साडेतीन हजार होत होते आणि आमच्या चौघांच्या किराण्याचं बिल होतं साडेपाच हजार. मी कागद बायकोच्या हातात दिला. तिनं वाचला आणि म्हणाली, "बघते."

आपल्याकडच्या बायकांच्या या "बघते"मध्ये काय काय असतं ते नवऱ्यांना फार उशिरा कळतं. ऑलिव्ह तेल आलं नाही, पण सफरचंद आलं, बदाम आले, माझ्यापुरतं सायीशिवायचं दूध आलं, रोज एक उकडलेलं अंडं आलं. दोन महिन्यांत माझं वजन तीन किलोंनी उतरलं. मी पतसंस्थेत सगळ्यांना सांगत सुटलो. पॅन्टला आतून एक भोक जास्त पाडलेला पट्टाही दाखवला.

तिसऱ्या महिन्यात गच्चीवर कपडे वाळत घालताना बायकोला चक्कर आली. तपासणी झाली. हिमोग्लोबिन ९. आणि वजन ७१ किलो. डॉक्टर म्हणाले, "वजन जास्त आहे आणि रक्त कमी आहे." मला हे कोडंच वाटलं. जाड माणूस म्हणजे खाऊनपिऊन सुखी, अशी माझी समजूत. त्यांनी विचारलं, "ह्या दिवसभरात काय खातात?" लग्नाला सत्तावीस वर्षं झालेली, आणि मला सांगता येईना.

पुढच्या रविवारी मी घरी बसून नुसतं पाहिलं. सकाळी आम्हा तिघांना गरम चपात्या दिल्यावर तिनं रात्रीच्या दोन शिळ्या चपात्या गोड चहात बुडवून खाल्ल्या. दुपारी आमची जेवणं झाल्यावर कढईत उरलेला भात, वर रश्शाचा तवंग. डाळ संपलेली होती. चार वाजता पुन्हा चहा आणि टोस्ट. रात्री मुलानं ताटात टाकलेली अर्धी चपाती आणि भांड्याच्या तळाशी राहिलेलं तेलकट कालवण. मी म्हटलं, टाकून दे की. ती आमच्या दखनीत म्हणाली, "फेकनेका नै जी, गुना होता." आणि अंडं? अंडी वहीत वाढलीच नव्हती. पूर्वी आठवड्यातून दोनदा तीही खायची, ती आता माझ्या ताटात येत होती. माझं सफरचंद तिच्या दुधातून आलं होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत शंभरातल्या ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आणि २४ जणींचं वजन जास्त, असं तिच्यात आढळलं. मी हे आकडे पूर्वी वाचले होते. पण ५७ जणी एका मोहल्ल्यात राहतात आणि २४ दुसऱ्या मोहल्ल्यात, अशा थाटात वाचले होते. ही दोन्ही दुखणी एकाच बाईला, तेही माझ्याच घरात, असतील हे डोक्यात आलं नव्हतं. शिळी चपाती, भात, साखर आणि तेल यांनी वजन वाढतं, रक्त वाढत नाही. शिवाय जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो. ती तर दिवसातून दोनदा चहालाच जेवण करत होती.

मग तो छापील कागद घडी घालून ठेवला आणि किराण्याची वही उघडली. एका माणसाचं वेगळं पथ्य परवडणारं नव्हतंच. जे व्हायचं ते चौघांच्या भांड्यात व्हायला हवं होतं.

पहिली ओळ तेलाची. महिन्याला एक लिटरच्या पाच पिशव्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं प्रसिद्ध केली. त्यांत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटासाठी तेल-तूप धरलंय २७ ग्रॅम. आमचा हिशेब केला तर माणशी ३८ ग्रॅम निघाले. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे नुसत्या जादा तेलाच्या रोज शंभरेक कॅलरी. आणि हे घरातलं झालं, बाहेरचे वडे-भजी वेगळे. साडेतीन लिटर आणलं की हिशेब बरोबर २७ ग्रॅमवर येतो. मग ठरवलं, महिन्याला साडेतीनच पिशव्या. किटलीतून धार सोडायची नाही, चमच्यानं मोजायचं. पंधरा दिवस घरात असंतोष होता. रश्शावर तर्री नाही म्हणून मुलगा दोनदा ताटावरून उठला. मीसुद्धा मनातून त्याच्याच बाजूचा होतो.

दुसरी ओळ साखरेची. सहा किलो! माणशी रोज ५० ग्रॅम, म्हणजे चहाचे दहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. आम्ही चहा सोडला नाही. सोलापूरच्या माणसाला चहा सोडायला सांगणं म्हणजे उन्हाळा सोडायला सांगण्यासारखं आहे. कप लहान केले, साखर निम्मी केली आणि चहा जेवणापासून तासभर लांब नेला. तिसरी गोष्ट खारी आणि टोस्ट. ही वहीत नव्हतीच, कारण ती बेकरीतून रोख येत होती. मैदा आणि वनस्पती तूप, हातात घेतलं तर हवेसारखं हलकं आणि कमरेवर शिशासारखं. तेल, साखर, बेकरी मिळून महिन्याचे आठशेच्या वर रुपये सुटले. त्यातून अंड्यांचे दोन ट्रे, दोन किलो मटकी-हरभरे आणि बाजारातली जादा भाजी आली.

आता भाकरीबद्दल. आमच्या जिल्ह्यात कुणीही सांगेल की गहू सोडा, ज्वारी खा, वजन झरझर उतरेल. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, २०२३ हे वर्ष तर भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं. ज्वारीवर माझं प्रेम आहे, पण खरं सांगायला हवं. शंभर ग्रॅम ज्वारीच्या आणि शंभर ग्रॅम गव्हाच्या कॅलरी जवळजवळ सारख्याच. भाकरीचा फायदा असा की तिला तेल लागत नाही, चावून खावी लागते आणि दोन भाकरींत पोट भरतं. तुम्ही चार खाल्ल्या तर ज्वारी काही बोलणार नाही. शिवाय माझा धाकटा भाऊ यंत्रमागावर कामाला आहे. त्याच्याकडे रेशनचा गहू-तांदूळ १ जानेवारी २०२३ पासून मोफत येतो आणि ज्वारी पदरचे पैसे मोजून आणावी लागते. त्याला 'ज्वारीच खा' हे कोणत्या तोंडानं सांगणार? त्यानं गव्हाचे बिनतेलाचे फुलके खावेत, एक चपाती कमी करावी आणि त्या जागी वाटीभर उसळ घ्यावी. आमच्याकडे रात्री भाकरी, सकाळी फुलके.

तीच गोष्ट फळांची. सफरचंद बंद झालं. पेरूत सफरचंदाच्या कितीतरी पट 'क' जीवनसत्त्व असतं, आणि उसळीवर लिंबू पिळलं तर तिच्यातलं लोहही चांगलं शोषलं जातं. पपई, केळी, हंगामात बोरं. भाजी मी संध्याकाळी आणतो. बाजार उठताना मेथी, शेपू, चुका निम्म्या भावानं मिळतो. थोडा सुकलेला असतो, पण मीही काही ताजा राहिलेलो नाही. पावसाळ्यात पालेभाज्या महागतात तेव्हा दोडका, भोपळा आणि मोड आलेली मटकी. सोयाबीनच्या वड्या स्वस्त आणि प्रथिनांना भरपूर, शंभर ग्रॅममध्ये पन्नासेक ग्रॅम. पण आमच्याकडे त्या फक्त मुलीला आवडतात. शेंगाचटणीचं दुःख मात्र सांगितलंच पाहिजे. शेंगदाणा पौष्टिक आहे, पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. सोलापुरात चटणी वाटीनं खातात. ती मी चमच्यावर आणली, याहून मोठा त्याग माझ्या हातून झालेला नाही.

मटणाचा प्रश्न दालचानं सोडवला. माझी अम्मा पाव किलो मटणात नऊ माणसांना जेवू घालायची. मोठ्या पातेल्यात हरभऱ्याची आणि तुरीची डाळ, दुधी भोपळ्याच्या हाताएवढ्या फोडी, दोन वांगी, चिंचेचा कोळ आणि त्यात ते पाव किलो मटण. प्रत्येकाच्या वाट्याला एक फोड यायची, क्वचित दोन. आम्हा भावंडांना ती गरिबी वाटायची. पुढं मला नोकरी लागली, पहिल्या पगाराचं दोन किलो मटण आणलं आणि अम्माला म्हटलं, आता दालचा नको, नुसतं मटण कर. ती हसली होती. त्यानंतर बरीच वर्षं आमच्या घरी शुक्रवारी नुसतं मटण आणि वर तेलाचा बोटभर थर. आता पुन्हा दालचा होतो. एका वाटीत डाळ आहे, भाजी आहे, थोडं मटण आहे, आणि शेजाऱ्याला द्यायलाही उरतो. दुधी माझा मुलगा बाजूला सारतो. त्याच्या वयात मीही सारत होतो.

सगळ्यात अवघड बदल किराण्याचा नव्हताच. तो होता ताटांचा. बायको आता आमच्याबरोबर जेवायला बसते. हे वाक्य बोलायला चार सेकंद लागले, घडायला तीन महिने लागले. गरम चपात्या कोण वाढणार, हा तिचाच प्रश्न. चपात्या आधी करून डब्यात ठेवायच्या, असं मुलीनं ठरवलं. कणीक वाटीनं मोजून भिजवायची, म्हणजे शिळं उरत नाही आणि उरलं नाही की गुन्हाही होत नाही. अंडी उकडली की चार उकडायची, आणि चारही ताटांत आधी वाढून मग बसायचं. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या तिनं लिंबूपाण्याबरोबर घेतल्या.

आठ महिन्यांत माझं वजन ७७ झालं, कंबर ३७. तिचं वजन ७१ वरून ६७ आणि हिमोग्लोबिन ११ च्या वर. आम्ही रोज अर्धा तास चालतोही, पण ते सगळेच सांगतात. मधुमेहाची औषधं चालू असलेल्यांनी माझं ऐकून जेवण कमी-जास्त करू नये, डॉक्टरांना विचारावं. मी कवी आहे.

मध्ये एकदा महिन्याची यादी घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदारानं वही पाहिली आणि म्हणाला, "भाभींनी तेल साडेतीन लिहिलंय, चुकलं काय?" मी म्हटलं, बरोबर आहे. त्यानं पुन्हा विचारलं, "आणि पुढं रमजान आहे ना?" तिथं मी अडकलो. इफ्तारीला खजूर, फळं, भिजवलेले हरभरे इथपर्यंत घरात एकमत आहे. भज्यांवर अजून बोलणी चालू आहेत. मुलगा रोज म्हणतोय, बायको आठवड्यातून दोनदा म्हणते, आणि मी त्या साडेतीन पिशव्यांचा हिशेब पुन्हा मांडून पाहतोय.